सच्छिद्र कागदावरील विद्या

या सदराच्या वाचकांपैकी दोघातिघा गृहस्थांनी व एका आजीबाईंनी गेल्या काही महिन्यांत आम्हांस बहुतेक एकच प्रश्न विचारला आहे. घरातील मुलगा किंवा नात पेटी शिकते. शिक्षक दूर राहतात. फी परवडते, पण जाण्यायेण्याचा वेळ परवडत नाही. उलट मोबाईलवर उत्तमोत्तम वादकांची बोटे चालताना दिसतात, आणि ते चित्र हवे तितके सावकाशही करता येते. मग गुरूचे प्रयोजन ते काय उरले? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. यंत्रापासून विद्या येते की नाही, आणि येते तर कोठवर येते, याचा खल नुसत्या तर्काने करण्यापेक्षा ही गोष्ट जेथे प्रत्यक्ष घडून गेली, आणि जिच्या खुणा आजही कानांनी पारखता येतात, असे एखादे उदाहरण घेतलेले बरे. ते उदाहरण आपल्याकडील नाही. ते न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागातील, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. त्यातील शिष्य टॉमस राइट वॉलर, ज्यास पुढे सारे जग ‘फॅट्स’ म्हणजे लठ्ठोबा या नावाने ओळखू लागले. आणि गुरू जेम्स प्राइस जॉन्सन. दोघेही नीग्रो समाजातील, दोघेही जॅझ पद्धतीचे पियानोवादक.

जॅझ हे नाव वाचताच काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, वॉलरच्या वडिलांच्या कपाळासही तशाच पडल्या होत्या. ते धर्मोपदेश करणारे गृहस्थ. असले संगीत म्हणजे सैतानाची करणी, असे त्यांचे मत होते. टॉमस २१ मे १९०४ रोजी जन्मला, आणि लहानपणीच वडिलांच्या प्रवचनांस पायपेटीची साथ करू लागला. पेटीवरून तो ऑर्गनकडे वळला. हार्लेमात १३५ व्या रस्त्यावर लिंकन थिएटर नावाचे नाटकगृह होते. तेथे मूक चित्रपट चालू असता ऑर्गन वाजविण्याचे काम त्यास वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास मिळाले. १९२० साली त्याची आई वारली. वडिलांशी पटत नव्हतेच. मुलगा घर सोडून रसेल ब्रूक्स नावाच्या एका पियानोवादकाच्या कुटुंबात राहावयास गेला. त्या घरी एक आपोआप वाजणारा पियानो होता, आणि आमची कथा खरी येथून सुरू होते.

हा यंत्रपियानो कसा चाले, हे तरुण वाचकांस ठाऊक नसेल. त्याच्या पोटात कागदाची एक लांब गुंडाळी बसवीत. ज्या स्वराची वेळ येईल त्या स्वराच्या रेषेवर कागदास भोक पाडलेले असे. खाली पायपेटीसारखे दोन पायटे असत. ते चालविले की भात्याने आत हवा ओढली जाई व कागद एका पट्टीवरून सरकू लागे. जेथे भोक येई तेथून हवा शिरे, झडप सुटे आणि त्या स्वराची पट्टी आपोआप खाली दबे. वादक नाही, बोटे नाहीत, आणि पट्ट्या मात्र खालीवर होत आहेत, असा तो चमत्कार. मूळ कागद तयार करताना नाणावलेल्या वादकास एका विशेष पियानोवर बसवीत, आणि त्याने दाबलेल्या पट्ट्यांच्या खुणा कागदावर उतरत. मग त्यावरून हव्या तितक्या प्रती काढाव्यात आणि विकाव्यात.

ब्रूक्सच्या घरी जॉन्सनने वाजविलेली ‘कॅरोलायना शाउट’ या चिजेची गुंडाळी होती. वॉलरने युक्ती अशी केली की, कागदाची गती अगदी मंद करावी, आणि जी पट्टी दबेल तिच्या खळग्यात आपले बोट ठेवावे. उजव्या हाताचे झाले की डाव्याचे. मग दोन्ही मिळून. मग गती थोडी वाढवून. जणू अदृश्य हातात आपला हात घालून बाराखडी गिरवावी! याच सुमारास वॉशिंग्टन शहरी ड्यूक एलिंग्टन, जो पुढे केवढा तरी मोठा संगीतकार झाला, तोही ही चीज अशाच रीतीने कागदावरून शिकला. आणि १९२१ साली जॉन्सन त्या शहरी आला असता त्याने ती त्याच्यासमोर वाजवून दाखविली. तेव्हा आजीबाईंच्या प्रश्नातील निम्मी गोष्ट प्रथमच मान्य करून टाकू. यंत्रावरून शिकता येते. चित्र सावकाश करून त्यावर बोट ठेवण्याची कल्पना मोबाईलवाल्यांनी काढलेली नाही.

आता ही चीज अशी काय होती की, तिच्यासाठी इतके कष्ट घ्यावेत? जॉन्सन १८९४ साली न्यू जर्सी संस्थानात जन्मला व मुलगा असतानाच न्यूयॉर्कला आला. १९१३ च्या सुमारास तो त्या शहराच्या सॅन वान हिल नावाच्या वस्तीतील एका नाचघरात वाजवीत असे. तेथे जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायना यांच्या समुद्रकाठाहून मजुरीसाठी आलेले लोक दिवसभराचे श्रम विसरण्यास जमत, आणि आपल्या गावाकडचे नाच मागत. ‘शाउट’ म्हणजे येथे आरोळी नव्हे. गुलामगिरीच्या काळापासून त्या लोकांत फेर धरून, पाय घाशीत, टाळ्या वाजवीत देवाचे भजन करण्याची चाल होती. तिचे ते नाव. त्या फेराच्या पावलांतून जॉन्सनने ही चीज बांधली. तिच्या एका भागात उजवा हात एक लहानसे वाक्य म्हणतो व लगेच दुसरीकडून त्यास उत्तर येते. कीर्तनकाराने चरण टाकावा आणि मागील झीलकऱ्यांनी तो उचलावा, तसा तो प्रकार आहे. प्रथम ऐकणाऱ्याने हीच जागा पकडावी. बाकीचे मागाहून उमजते.

मात्र हिचा जीव डाव्या हातात आहे. या वादनपद्धतीस ‘स्ट्राइड’ म्हणतात, म्हणजे ढांग टाकणे. चार मात्रांपैकी पहिल्या व तिसऱ्या मात्रेस डावा हात अगदी खालच्या सप्तकातील सूर धरतो, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेस मध्य सप्तकापर्यंत उडी मारून स्वरांचा एक पुंजका वाजवितो. पुन्हा खाली, पुन्हा वर. आपल्याकडे तबलजी, डग्गा आणि तंबोरा मिळून जे करतात ते काम येथे एकटा डावा हात करीत असतो, आणि उजवा त्यावर मोकळा खेळतो. (आपल्या हातपेटीवर डाव्या हाताच्या नशिबी भाता ओढणे येते. पेटीवाल्यांनी आम्हांवर रागावू नये. पण हा डावा हात पाहून आम्हांस त्यांची थोडी कीव आली.) जॉन्सनचे वैशिष्ट्य असे की, ही ढांग तो सरळ टाकीत नाही. या चिजेच्या आरंभीच आठ मात्रांचा हिशेब चार-चार असा न ठेवता तीन-तीन-दोन असा मोडतो, आणि तेही उजवा हात आपल्या चालीने सरळ जात असता. सम चुकली की काय, असे वाटते न वाटते तोच दोन्ही हात बरोबर समेवर येतात. तालाची ज्यास गोडी आहे त्यास याहून अधिक सांगणे नको.

तेव्हाच्या हार्लेमातील पियानोवाल्यांत ही चीज म्हणजे परीक्षेचा पेपरच होऊन बसली होती. ही परीक्षा होई बहुधा भाड्याच्या मैफलीत. हार्लेमात नीग्रो कुटुंबांकडून घरभाडे जबर घेत; महिनाअखेर ते जमेना, तेव्हा लोक आपल्याच बिऱ्हाडात गाणेबजावणे व जेवण ठेवीत, दाराशी थोडेसे पैसे घेत आणि त्यातून घरमालकाची भरपाई करीत. पियानोवाले रात्रभर आळीपाळीने वाजवीत व एकमेकांस जिंकू पाहत. त्या रात्रींपैकी एकही कोणी मुद्रित करून ठेवली नाही. आज आपल्या हाती उरले आहेत ते भोकांचे कागद आणि काही लाखेच्या तबकड्या.

कागदातून काय निसटते हे आता पाहावे. कोणती पट्टी, केव्हा आणि किती वेळ, हे भोक सांगते. ती हळुवार दाबली की ठासून, हे साध्या कागदावर नसते. ठोक्याच्या किंचित अलीकडे वा पलीकडे रेंगाळणे पुष्कळदा कागद तयार करणाऱ्यांच्या सुधारणेत सपाट होऊन जाई. शिवाय दोन हातांनी न पोचणारे जादा स्वरही ते कधीकधी घालून देत. आमच्याकडील शिक्षाग्रंथांत वेदपठणाचे अधम प्रकार सांगताना, घाईने म्हणणारा, मान हलविणारा यांच्याच पंक्तीस लिहिलेले पाहून म्हणणारा बसविला आहे. शाळेत असता आम्हांस याचे नवल वाटे. अक्षर तर चुकत नाही, मग दोष कसला? दोष हा की, लिहिलेल्यात अक्षर असते, त्याचा भार नसतो. तो संथा देणाऱ्याच्या तोंडूनच घ्यावा लागतो.

वॉलरच्या बाबतीत तर ही उणीव दुप्पट होती. तो ऑर्गनवर वाढलेला. ऑर्गनवर खर्जाचे काम पाय करतात, आणि सूर दाबून धरला की तो तसाच राहतो. पियानोचा सूर जन्मताच विझू लागतो, म्हणून तेथे प्रत्येक मात्रेस हाताने नवा जीव द्यावा लागतो. कागदाने त्यास जॉन्सनचे स्वर दिले. जॉन्सनचा डावा हात दिला नाही. ही ओळख ब्रूक्सने करून दिली, आणि जॉन्सनने मुलाचे वादन ऐकून त्यास शिकविण्याचे पत्करले. एकलव्याची आठवण येथे कोणासही होईल. फरक इतकाच की, या द्रोणाने अंगठा मागितला नाही. पाची बोटे धरून त्यास शेजारी बसविले. त्या वेळी जॉन्सन स्वतः अवघा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. त्याची पत्नी लिली मे हिने पुढे सांगितले आहे की, वॉलर आपल्या घरी पहाटे दोन-तीन-चारपर्यंत पियानो बडवीत बसे, आणि शेवटी घरी जा म्हणून त्यास आपणांसच सांगावे लागे. गुरुगृही राहणे म्हणजे काय, ते गुरुपत्नीखेरीज कोण नीट सांगणार! भाड्याच्या मैफलींतही जॉन्सन त्यास बरोबर नेऊ लागला.

आता तबकड्या. १९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ओके कंपनीने काढली व ती अतोनात खपली. नीग्रो समाजही तबकड्या विकत घेतो, हा शोध कंपन्यांस तेव्हा लागला. त्या लाटेत १९२१ च्या ऑक्टोबरात जॉन्सनने याच कंपनीसाठी ‘कॅरोलायना शाउट’ एकट्याने वाजविली. त्याआधी थोडेच दिवस ब्लॅक स्वान या नीग्रो मालकीच्या कंपनीने त्याची ‘हार्लेम स्ट्रट’ ही चीज मुद्रित केली होती. विजेचा मायक्रोफोन १९२५ पर्यंत वापरात आला नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर वाजवावयाचे; आवाजाच्या धक्क्याने सुई हलावी आणि मेणावर रेघ उमटावी. अशा रीतीने पियानो टिपणे फार कठीण. खर्ज तर निम्मा वाटेतच हरवे. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांची मर्यादा. म्हणजे गंमत अशी की, कागदावर स्वर सर्व आहेत पण स्पर्श नाही, आणि तबकडीवर स्पर्श आहे पण डावा हात दूर कोठेतरी, भिंतीपलीकडून चालल्यासारखा येतो. दोन्ही साक्षीदार अपुरे. दोघांची जबानी जुळवूनच ऐकणाऱ्याने निकाल द्यावा. असे असूनही १९२१ ची ती मुद्रिका आम्हांस आजही ताजी वाटते. खरखर पहिल्या दहा पळांत विसरली जाते.

वॉलरची पहिली तबकडी १९२२ ची, ओके कंपनीचीच: एका बाजूस ‘मसल शोल्स ब्लूज’ व दुसऱ्या बाजूस ‘बर्मिंगहॅम ब्लूज’. वय अठरा. आम्ही या दोन्ही चिजा वारंवार ऐकल्या. हात स्वच्छ आहे, स्वर चुकत नाही, लयही ढळत नाही. पण ज्या मुलाने पुढे जगास हसविले आणि डोलविले तो येथे अजून आलेला नाही. डावा हात आज्ञाधारकपणे खालीवर जातो, आणि उजवा त्याच्याकडे पाहत पाहत चालतो. वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा निबंध असतो ना, तसे हे वादन आहे. पुष्कळ जाणकार केवळ ऐतिहासिक म्हणून या तबकडीची बोळवण करतात. आम्हांस ती फार मोलाची वाटते, कारण कागदाने किती आले आणि किती यावयाचे होते, याची इतकी नेमकी नोंद क्वचितच मिळते.

१९२३ पासून वॉलर स्वतःच क्यू. आर. एस. कंपनीसाठी कागद पाडू लागला; आता दुसरी कोणी मुले त्याच्या भोकांवर बोटे ठेवू लागली असतील. १९२६ च्या अखेरीस व्हिक्टर कंपनीने न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे एका जुन्या प्रार्थनामंदिरात, जे तिने मुद्रणासाठी घेतले होते, त्यास पाइप ऑर्गनवर बसविले. धर्मोपदेशकाचा मुलगा चर्चच्या ऑर्गनवर जॅझ वाजवू लागला. वडिलांस काय वाटले असेल, कोण जाणे. पुढे १९२८ च्या एप्रिलात जॉन्सनने रचलेली ‘यामेक्रॉ’ ही वाद्यवृंदासह वाजवावयाची मोठी रचना कार्नेगी हॉल या प्रतिष्ठित सभागृहात प्रथम सादर झाली. त्या रात्री जॉन्सन एका नाटकाच्या वाद्यवृंदाचे काम सोडून येऊ शकला नाही. पियानोवर त्याच्या जागी वॉलर बसला. ज्या मुलाने कागदावरून चोरून विद्या घेतली त्यानेच गुरूच्या आयुष्यातील त्या मोठ्या रात्री गुरूची गादी सांभाळली.

आणि मग १ मार्च १९२९ ची ‘हँडफुल ऑफ कीज’, म्हणजे मूठभर पट्ट्या. आता मुद्रण विजेचे आहे, खर्ज भरून येतो. परंतु यंत्र सुधारले म्हणून वादन सुधारले, असे कोणी म्हणू नये. डावा हात येथे पाहारा देत नाही. तो स्वतःच नाचतो. ढांग लांब आहे, पण पाऊल जमिनीवर आपटत नाही. त्याच दिवशीची ‘नम फंब्लिन’ ही संथ लयीची चीज लागलीच ऐकावी, म्हणजे हे केवळ वेगाचे कौशल्य नव्हे, हे पटेल. १९२२ ची तबकडी आणि ही, यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. त्या सात वर्षांत कोणताही नवा स्वर शोधला गेला नाही. कागदावर जे होते तेच येथे आहे. नवे आहे ते रात्री दोन-तीनपर्यंत एका माणसाच्या शेजारी बसून हातात आलेले.

याच जातीची एक गोष्ट आपल्या मुंबईतही घडली आहे. टेडी वेदरफर्ड हा ढांगेच्या पद्धतीचा अमेरिकन नीग्रो पियानोवादक १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवीत असे. १९४५ साली तो कलकत्त्यास पटकीने वारला. ताजमधील या मंडळींच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक साथीस असत. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचावयास लहानपणीच शिकवीत, त्यामुळे कागदावरचे सारे त्यांस येतच होते. जॅझचा झोक मात्र कागदावर लिहिता येत नाही. तो त्यांनी या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून उचलला, आणि पुढे मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत नेला.

वॉलरची कीर्ती पुढे गुरूहून शतपट झाली. तो गाऊ लागला, विनोद करू लागला, रेडिओवर व चित्रपटांत आला. जॉन्सनची ‘चार्ल्स्टन’ ही चाल १९२३ पासून जगभर नाचली गेली, तरी ती बांधणाऱ्याचे नाव नाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते. १९४१ च्या मे महिन्यात वॉलरने ‘कॅरोलायना शाउट’ स्वतःच्या हाताने मुद्रित केली, वीस वर्षांपूर्वी मंद केलेल्या कागदावरून शिकलेली तीच चीज. ज्या घरी पेटी शिकणारी मुले आहेत त्यांनी जॉन्सनची १९२१ ची आणि वॉलरची १९४१ ची, अशा दोन्ही एका बैठकीत लावाव्यात. दोन्ही आज विनासायास ऐकावयास मिळतात. शिष्य गुरूहून भरधाव जातो, पण तीन-तीन-दोनाची ती मोड त्याने एका केसाइतकीही सैल केलेली नाही. मुलांस आधी काही सांगू नये. कोणता हात कोणाचा, हे त्यांनाच विचारावे.

१५ डिसेंबर १९४३ रोजी आगगाडीच्या प्रवासात, कॅन्सस सिटीजवळ, वॉलर न्यूमोनियाने वारला. वय एकोणचाळीस. जॉन्सन त्याच्यामागे बारा वर्षे जगला, त्यांतील शेवटची चार वर्षे पक्षाघाताने अंथरुणास खिळून. १९५५ साली तो गेला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडदेखील बसला नाही. तो २००९ साली, काही वादकांनी मैफल करून पैसे जमविले तेव्हा बसला. पण त्याआधी, १९४४ मध्ये, डेक्का कंपनीसाठी त्याने एक तबकड्यांचा संच वाजविला होता. त्यात स्वतःची एकही चाल नाही. सर्व वॉलरच्या आहेत.